फोरमनची शाळा-तपासणी

२१ मे, बुधवार. सांगली.

पोचलो. एन्टेबेहून मुंबई, मुंबईहून गाडीनं सांगली. कशिश सगळा प्रवास झोपली. मी जागा. विमानात कुणाला तरी लक्ष ठेवावं लागतं.

मुक्काम शबानाकडे. माझी धाकटी बहीण, पण बोलते थोरलीसारखी. तिचा नवरा अश्फाक हळदीचा व्यापारी. घरात, गाडीत, टॉवेलात, सगळीकडे हळदीचा वास. त्यांची सुमैरा कशिशच्याच वयाची, बारा.

काम सुरू करायच्या आधी उद्दिष्ट लिहून काढावं, म्हणजे फाटे फुटत नाहीत. इतकी वर्षं मिल फोरमन आहे, हे मला कुणी शिकवायला नको. तर उद्दिष्ट: कशिशसाठी शाळा. युगांडात आमच्या साखर कारखान्याच्या कॉलनीतली शाळा सहावीला संपते. पुढे कंपाला, म्हणजे हॉस्टेल. हॉस्टेलच म्हटलं तर मग आपल्या मुलखात काय वाईट? शिवाय तिची अम्मी जाऊन चार वर्षं झाली. मुलगी मोठी होतेय, जवळपास बाईमाणूस हवं, असं शबाना फोनवर म्हणाली होती. पण निर्णय माझा. तिच्या फोनच्या आधीच झालेला होता. बोललो नव्हतो एवढंच.

आठ दिवस पुरे. शाळा बघायची, पास किंवा नापास, विषय संपला. भावनेला जागा नाही. मी परत एकटा जाणार याचं शबानाला फार वाटतं. मला नाही. उलट रोज पहाटे चालायला जाईन, वजन उतरवीन, स्वाहिली नीट शिकेन, कारखान्यातल्या बढतीच्या परीक्षेचा अभ्यास करीन. एकटं वाटायला वेळ लागतो. तो मला कुठाय?

२३ मे, शुक्रवार

पहिली शाळा. सांगलीतच, शबानाच्या घरापासून रिक्षानं जवळ. कशिश फुफीकडे, म्हणजे शबानाकडे राहणार, शाळेत जाणार-येणार. शबानानं परस्पर वेळ घेतली होती.

प्रिन्सिपॉल बाई सौम्य. अभ्यासक्रम सांगायला लागल्या. मी म्हटलं, ते असू द्या, पाण्याची टाकी कुठाय? म्हणाल्या, गच्चीवर. गेलो. मागनं शिपाई, सायेब शिडी हलती, सायेब पडशीला, करत. खिशातली टॉर्च काढून टाकीत बघितलं. टाकी तशी स्वच्छ. पण झाकणाची एक कडी ढिली. आमच्या मिलमध्ये एक नट ढिला राहिला होता तेव्हा काय झालं होतं, ते मी शिपायाला सविस्तर सांगितलं. तो हो हो म्हणाला.

खाली आलो तर कशिश ऑफिसातल्या बाईंशी गप्पा मारत होती. आमच्याकडची माकडं ट्रॉलीतून ऊस कसा पळवतात ते सांगत होती. बाई डोळे पुसत हसत होत्या. बाहेर आल्यावर विचारलं, शाळा कशी वाटली? म्हणाली, ठीक आहे.

ठीक आहे. बाकीच्यांना यात काही दिसणार नाही. बापाला कळतं. पोरीला आवडली नाही.

शाळा नापास. शबानानं विचारलं कशावरून. म्हटलं, टाकी.

२५ मे, रविवार

कशिश आणि सुमैरा दिवसभर आतल्या खोलीत, दार लोटून. हसण्याचे आवाज. मी तीनदा हाक मारली. एकदा चार्जर कुठाय, एकदा सकाळची बीपीची गोळी मी घेतली का, एकदा चष्मा. नव्या घरात तिला परकं वाटू नये, आपली कुणाला तरी गरज आहे असं वाटावं, म्हणून. तिसऱ्यांदा कशिशच्या ऐवजी शबाना आली. म्हणाली, भाईजान, चष्मा डोक्यावर आहे.

मुद्दा चष्म्याचा नव्हता.

संध्याकाळी कॅरम. कॉलनीत आम्ही रोज जेवणानंतर खेळतो. मी तिला मुद्दाम जवळपास येऊ देतो आणि मग जिंकतो. आज ती सुमैराशी खेळली. सुमैरा म्हणे गल्लीत पहिली. कशिशनं तिला ओळीनं हरवलं, क्वीन दर वेळी पहिल्या फटक्यात. मग माझ्याशी खेळताना हिची क्वीन भोकाच्या तोंडाशी येऊन कशी थांबते? विचार करण्यासारखी गोष्ट आहे. केला नाही.

२८ मे, बुधवार

पाटण. कोयनेच्या बाजूला एक निवासी शाळा आहे, शिस्त चांगली असं ऐकलं होतं. अश्फाकनं दुकान बंद ठेवून गाडी काढली. हा माणूस पन्नास किलोमीटरात दोन वाक्यं बोलतो, त्यातलं एक हळदीच्या भावाबद्दल.

जागा डोंगराच्या कुशीत. सुट्टी असून थोड्या मुली होत्या, कुठल्याशा शिबिराला आलेल्या. मी हेडमास्तरांबरोबर इमारत बघायला गेलो. खिडक्यांचे गज ओढून बघितले. स्वयंपाकघरात आमटी चाखली. पातळ. गॅसची नळी कधी बदलली विचारलं. हेडमास्तर आधी उत्साहात होते, नंतर रुमालानं मान पुसायला लागले.

मैदानात कशिशभोवती मुलींचा घोळका. एकीनं विचारलं, तुज्या घराजवळ सिंव्ह हाय व्हय गं? कशिश म्हणाली, न्हाई गं, माकडं हायत, लय चोर!

मी थबकलो. ही भाषा हिला कधी आली? हिला इथली मराठी जमणार नाही, हा माझ्याकडचा एक पक्का मुद्दा होता.

निघताना हेडमास्तरांना विचारलं, बिबट्या येतो का? म्हणाले, डोंगर आहे, कधीमधी येतो, पण आजवर आवारात नाही. मी म्हटलं, आजवर. संपलं. नापास.

कराड मागे पडल्यावर अश्फाक बाजारातल्या मराठीत म्हणाला, भाईजान, तुमी पोरीसाठी शाळा बघाय आलाय का कारखाना इकत घ्याय? व्यापाऱ्याला यंत्राचं काय कळणार. आणि कॉलनीत आमच्या गेटपर्यंत हत्ती आला होता तो विषय वेगळा आहे. तिथे मी असतो.

कशिशला विचारलं. ठीक आहे, म्हणाली, आणि खिडकीतून मागे बघत राहिली.

३१ मे, शनिवार

आठ दिवस संपून गेले. कामाचा दर्जा राखायचा तर वेळ लागतोच.

आज रहिमतपूर. माझं गाव, माझी शाळा. तिथे कशिशला घालायचा विचार नाही, पण चांगली शाळा काय असते त्याचा नमुना तिला दाखवावा म्हणून. एसटीनं गेलो, दोघंच. रस्ताभर तिला सांगितलं की तिथे माझं नाव बोर्डावर आहे. दहावीला गणितात पहिला.

बोर्ड व्हरांड्यातच आहे. वरपासून खालपर्यंत वाचला. मग खालून वर. माझ्या वर्षासमोर कुणा दुसऱ्याचं नाव. रंगारी लोकांना गांभीर्य नसतं. ऑफिसात नवे हेडमास्तर प्रवेशाच्या गर्दीत होते. मी ओळख दिली. म्हणाले, वा वा, कुठल्या इयत्तेत प्रवेश हवा आहे?

कशिश म्हणाली, अब्बा, तुमचा वर्ग दाखवा ना. वर्गाला कुलूप नव्हतं. मी खिडकीजवळचा बाक दाखवला. ती सरकून बसली, मला जागा केली. गुडघे मावेनात. थोडा वेळ तसेच बसलो. ती म्हणाली, इथनं झाड छान दिसतं. माझ्या वेळी ते झाड नव्हतं. पण छान दिसतं हे खरं आहे.

बाजारपेठेत कुणीतरी भेटेल म्हणून दोनदा फिरलो. सगळे पुण्याला. शेवटी भाऊसो सापडला. आम्ही एका बाकावरचे. त्याचं आता हार्डवेअरचं दुकान आहे. आधी ओळखलं नाही. मग म्हणाला, शिकलगाराचा मोहिद्दीन व्हय? लय दिसांनी रं गड्या! बस, चा सांगतो. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. मग दुसरा वाजला. गिऱ्हाईक आलं. मी स्टुलावर बसून त्याच्याकडे बघून हसत होतो, तोही फोनवर बोलता बोलता माझ्याकडे बघून हसत होता. चहा बहुतेक सांगायचा राहिला. नुसतंच कसं उठायचं, म्हणून मी एक कुलूप विकत घेतलं.

कुलूप कशासाठी, ते ठरवलेलं नाही. इथलं आमचं घर विकून सहा वर्षं झाली.

परतताना एसटीत कशिशनं माझ्या दंडावर डोकं टेकलं. दमली असेल.

२ जून, सोमवार

सातारा. मुलींची निवासी शाळा, गावाच्या कडेला. शबानानं शोधून काढलेली. आठवड्याला फुफी भेटायला येऊ शकते, दिवाळीला सांगलीला जाता येतं, वगैरे. माझ्या अपेक्षा कमी होत्या.

रेक्टर क्रांती मॅडम. पन्नाशीच्या, केस कापलेले, आवाज आमच्या कारखान्याच्या जीएमसारखा. कशिशला पेपर दिला आणि दोन मुलींबरोबर पाठवून दिलं. मग मला म्हणाल्या, बोला.

मी बोललो. टाकी, वायरिंग, जिन्याचे कठडे, डाळीचा घट्टपणा. त्या प्रत्येक गोष्टीला, चला बघू, म्हणायच्या आणि पुढे चालायच्या. टाकीचं झाकण स्वतः उघडून दाखवलं. कड्या घट्ट. कठडा मी हलवला. हलला नाही. डाळ घट्ट. शेवटी झोपायच्या खोलीत मुद्दा सापडला. पलंग एकावर एक. म्हटलं, वरून मूल पडलं तर? म्हणाल्या, इतक्या वर्षांत इथे फक्त एक पालक पडलेत, शिडी तपासताना.

मी शिडीवरचा हात काढून घेतला.

पेपर होऊन बराच वेळ झाला तरी कशिशचा पत्ता नाही. मी काळजीत. मॅडम म्हणाल्या, मैदानावर बघा. मैदानावर खो-खो चालू होता. धूळ, आरडाओरडा. कुणीतरी मोठ्यानं हसत होतं, श्वास लागेपर्यंत, खिंकाळल्यासारखं. मला वाटलं, काय हे हसणं मुलीचं. मग बघितलं तर ती कशिश. मला तो आवाज ओळखू आला नाही. घरी ती असं हसत नाही. घरी ती हळू हसते.

गाडीत बसल्यावर मी विचारायच्या आधीच म्हणाली, अब्बा, मला ही शाळा पाहिजे.

पाहिजे म्हणाली. ठीक आहे म्हणाली नाही.

मुलांना पहिल्या भेटीत काहीही आवडतं. मोठ्यांनी डोकं थंड ठेवायचं असतं. परवापर्यंत कळवा, असं मॅडमनी सांगितलंय.

५ जून, गुरुवार

परवा काल होऊन गेला. फोन केला नाही. घाईचं काम मी करत नाही.

खरं म्हणजे मला एक नवीन, जास्त चांगली योजना सुचली आहे. शाळाच नको. ऑनलाइन शिकेल. घरी, कॉलनीत, माझ्या देखरेखीखाली. गणित मी घेईन. हे आधी कसं सुचलं नाही याचंच आश्चर्य. सकाळी चहाच्या वेळी जाहीर केलं. अश्फाकनं कप खाली ठेवला. शबाना म्हणाली, भाईजान, मी जरा स्पष्ट बोलू? मी म्हटलं, नको.

कशिश काही बोलली नाही. आनंदानं माणसाला बोलवत नाही, असं होतं. दुपारी जेवलीही नाही. मग शबानाचा फोन घेऊन गच्चीवर गेली. कुठल्यातरी मैत्रिणीला करत असेल.

कुठली मैत्रीण? असेल एखादी. सगळंच बापाला माहीत असतं असं नाही.

जीएमसाहेबांचा मेसेज: मिलचा शटडाऊन संपत आला, कधी येताय? लिहिलं, एक काम राहिलंय.

७ जून, शनिवार. बकरी ईद.

नमाज, कुर्बानी, मटणाचे वाटे घरोघरी पोचवणं. दुपारनंतर घर माणसांनी भरलेलं. शेजारच्या रंगुबाई शीरखुर्मा खायला आल्या होत्या. कशिश सुमैराच्या जोडीचा हिरवा ड्रेस घालून वाट्या फिरवत होती. रंगुबाईंनी तिला जवळ बसवून घेतलं. विचारलं, पोरी, तकडं आफ्रिकेत दिसभर करतीस काय गं?

कशिशनं सांगितलं. तक्रारीच्या सुरात नाही. टाइमटेबल सांगावं तसं.

शाळा सुटली की जेवते. मग पायरीवर बसते. आधी कॉलनीत चार मुली होत्या, एकेकीच्या वडिलांची बदली झाली, शेवटची मागच्या दिवाळीत गेली. आता अस्कारी असतो, म्हणजे वॉचमन, जोसेफ, तो चांगला आहे, त्याच्याशी बोलते. मग त्याची ड्यूटी बदलते. दुसरा बोलत नाही. मग आत येऊन शाळा-शाळा खेळते. जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्यांना शिकवते. खुर्च्यांना नावं आहेत. एकीचं नाव सुमैरा. ती फार बडबड करते, तिला मी उभं करते. मग अंधार पडतो आणि मग अब्बा येतात.

सुमैरा हसली. म्हणाली, मी? मग बाकी कुणी हसत नाही बघून गप्प झाली.

रंगुबाईंनी कशिशच्या तोंडावरून हात फिरवला. शबाना स्वयंपाकघरात गेली, तिकडेच थांबली. मी सांगायला तोंड उघडलं की कॉलनीत सगळ्या सोयी आहेत, क्लब आहे, पोहायचा तलाव आहे. तलावात पाणी नसतं, पण तलाव आहे.

मुलं थोडं वाढवून सांगतात.

आमच्या टेबलाला चार खुर्च्या आहेत. मी रोज त्यातल्या एकीवर बसून जेवतो. कुठलीवर, म्हणजे कुणावर, ते विचारलं नाही.

९ जून, सोमवार

सकाळच्या पहिल्या एसटीनं सातारा. एकटा. घरी सांगितलं, एक मित्र भेटायचाय. अश्फाक म्हणाला, गाडीनं सोडतो की भाईजान. त्याचा चेहरा बघून वाटलं, त्याला मित्राचं खरं वाटलेलं नाही.

क्रांती मॅडमच्या ऑफिसबाहेर बाकावर बसवलं. भिंतीवर मुलींची चित्रं. खिशात टॉर्च होती, काढली नाही.

आत गेल्यावर काय बोलायचं ते एसटीत पाठ केलं होतं. तांत्रिक बाबींचा पुनर्विचार केल्यानंतर, अशी सुरुवात. प्रत्यक्षात म्हटलं, मॅडम, जागा आहे का अजून?

म्हणाल्या, चार तारखेपर्यंत कळवायचं ठरलं होतं. म्हटलं, हो. म्हणाल्या, तुमच्यानंतर तीन पालक येऊन गेले. म्हटलं, हो. मग मी म्हटलं की वरचा पलंग असला तरी चालेल. हे वाक्य पाठ केलेलं नव्हतं.

त्यांनी समोरची वही मिटली. मग म्हणाल्या, जागा ठेवलीय हो. तुमच्या मुलीनं गुरुवारी फोन केला होता. म्हणाली, मॅडम, जागा देऊन टाकू नका, अब्बांना थोडा वेळ लागतो, पण ते येतात.

माझ्या ठाम बोलण्याचा परिणाम झाला असावा. फोनचा भाग वेगळा.

बाहेर पडून स्टँडवर एक चहा घेतला, मग आणखी एक. दोन एसट्या गेल्या तरी उठवेना. पाय अवघडले होते.

घरी आल्यावर कशिशला सांगितलं, सगळ्या शाळांचा तुलनात्मक विचार करून मी सातारा पास केली आहे. ती धावत आली आणि मला मिठी मारली. मग माझ्याकडे वर बघून म्हणाली, थँक्यू अब्बा, तुम्हीच शोधलीत. हे तिनं इतक्या गंभीर चेहऱ्यानं म्हटलं की क्षणभर मलाही पटलं.

१५ जून, रविवार

पोचवलं. सामान: ट्रंक, गादी, बादली, शबानानं दिलेले चकल्यांचे तीन डबे.

वर जाऊन तिच्या पलंगाची शिडी हलवून बघितली. खालच्या पलंगावरची मुलगी म्हणाली, काका, ती नाही हलत, आम्ही दोन वर्षं चढतोय. मी म्हटलं, यंत्रावर विश्वास ठेवायचा नसतो. मुलींनी एकमेकींकडे बघितलं. कशिश म्हणाली, अब्बा, चला, मी फाटकापर्यंत येते.

वाटेत तिला सूचना दिल्या. पाणी उकळलेलंच. पावसात खेळायचं नाही. गणित रोज. कुणी काही बोललं तर सरळ मॅडमना सांगायचं. ती हो हो म्हणाली. मग तिनं मला दिल्या. गोळी जेवणानंतर, आधी नाही. चष्म्याला दोरी लावून घ्या. जोसेफला माझा सलाम सांगा. आणि अब्बा, क्लबात जात जा, कॅरम तिथेही आहे.

म्हटलं, मला कुणी जोडीदार लागतो असं नाही.

गाडीपर्यंत गेलो आणि साबण दिला का विचारायला परत आलो. दिला होता. परत गेलो, टॉर्च द्यायला आलो. तिनं ठेवून घेतली. तिसऱ्यांदा फाटकाशी आलो तेव्हा ती तिथे नव्हती. मैदानाकडून आवाज येत होता. आता मला तो ओळखू येतो.

सांगलीपर्यंत डोळ्यांतून पाणी. अश्फाकच्या गाडीतली हळद. त्याला सांगितलं, गाडी धुऊन घे. तो म्हणाला, व्हय भाईजान, लय हळद हाय. आणि काच खाली केली. त्याचेही डोळे लाल होते. व्यापार करणाऱ्यांनाही त्रास होतोच म्हणजे.

१९ जून, गुरुवार. कॉलनी.

पोचलो. घर जसं होतं तसं. जोसेफनं सामान आत घेतलं, मागे बघितलं, मग गेटकडे बघितलं. मी म्हटलं, शाळेत. त्यानं मान हलवली आणि पायरीवर पडलेली पानं झाडून काढली. कुणी सांगितलं नव्हतं.

उद्यापासून पहाटे चालणं. नक्की.

२४ जून, मंगळवार

चालणं सोमवारपासून. आठवड्याच्या मध्ये सुरू केलेली गोष्ट टिकत नाही.

स्वाहिली मात्र सुरू केली. पहिला धडा, घरची माणसं. मुलीला म्हणतात बिंती. पाठ झालं. धड्यात आणखी पुष्कळ शब्द आहेत, ते आई, भाऊ, मामा वगैरे. त्यांची सध्या घाई नाही.

काम भरपूर. मिल सुरू झाली. आज पाचलाच मोकळा झालो होतो, तरी थांबलो. सुपरवायझर म्हणाला, सर, तुम्ही जा, सगळं व्यवस्थित आहे. पोरं जबाबदारी समजत नाहीत. मी साडेआठपर्यंत त्या सगळ्या व्यवस्थित असलेल्याकडे लक्ष ठेवलं.

२९ जून, रविवार

हॉस्टेलचा फोनचा वार. पहिलाच. काय काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं: तब्येत, अभ्यास, डाळ, शिडी, पावसाचं प्रमाण.

तिचा चेहरा मोबाइलवर आला, गालावर खरचटलेलं. विचारायच्या आतच सुटली. गायत्री, वर्षा, एक पाटणची शिवानी, तिच्या घरी म्हशी आहेत. खो-खोत तिला पोलवर उभं करतात. गणिताच्या बाईंना तिनं आमच्या मिलच्या रोलरचं उदाहरण दिलं, बाई खूश. अर्धं मला कळलं नाही, तिकडे फार गोंधळ होता. मग म्हणाली, अब्बा, मागे रांग आहे, एकजण रडतेय, तिला जरा लवकर देते हं. आणि गेली.

चांगलं आहे. मन मोठं आहे पोरीचं. डाळ विचारायची राहिली.

५ जुलै, शनिवार

उद्या नीट बोलायचं. मागच्या वेळी माझी बाजू कच्ची पडली, गंजीफ्रॉकवर बसलो होतो, पाठीमागे भांडी दिसत होती. तिला काळजी वाटली असेल. आज निळा शर्ट काढून स्वतः इस्त्री केला. कॉलर दोनदा. खुर्ची भिंतीजवळ हलवली, उजेड समोरून येईल अशी. जेवणाचं विचारलं तर मटण केलंय म्हणून सांगणार. म्हणजे करायला पाहिजे.

क्लबातले लोक उद्या नाइलच्या काठी फिरायला जाणार आहेत. मला बोलावलं. म्हटलं, उद्या मला अजिबात वेळ नाही.

६ जुलै, रविवार

मटण झालं. शर्ट घालून सकाळपासून तयार.

फोन आला. क्रांती मॅडमचा. म्हणाल्या, कशिश टीमबरोबर कराडला गेलीय, सामना आहे, संध्याकाळी उशिरा येतील, म्हणून आज तिचा फोन होणार नाही. तिनं मुद्दाम कळवायला सांगितलं, तुम्ही वाट बघत बसाल म्हणून.

मी म्हटलं, छे छे, वाट कसली. मीही कामातच होतो.

शर्ट काढून हँगरला लावला. कुठे चुरगळला नव्हता. पुढच्या रविवारी तोच चालेल.